मागच्या काचेवरचं ‘चि. सौ. कां.’

जानेफळपासून देऊळगाव राजापर्यंतच्या टापूत मुलाच्या बापाला आपल्या गाडीची काच पुसायला बोलावणारा मुलीचा बाप एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. निदान अजून महिनाभर तरी आहे. पुढचं सांगता येत नाही. माझा निखिल आणि त्यांची पल्लवी गेल्या दिवाळीपासून पुण्यात वेगवेगळ्या घरांत राहतात. वकिलाकडे कागद तयार आहेत, सह्या तेवढ्या व्हायच्या आहेत. दोघांपैकी अमक्याचं चुकलं असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही; सांगता आलं असतं तर निदान कोणावर तरी रागावता आलं असतं. नवराबायको वेगळे होतात त्याला कायद्यात कलमं आहेत. त्यांच्या बापांनी पुढं एकमेकांना काय म्हणायचं, ते मात्र कुठं लिहिलेलं नाही. आमदार पडला की माजी आमदार होतो, सरपंच माजी सरपंच होतो. ‘माजी व्याही’ असं कोणी कोणाला म्हटलेलं मी बासष्ट वर्षांत ऐकलेलं नाही.

तर अशा दिवसांत, एका गुरुवारी सकाळी, त्यांचा फोन आला. फोन ते दर गुरुवारी करतात. मुलांचं बिनसल्यापासून हा नेम सुरू झाला, आणि त्या फोनवर आम्ही मुलांबद्दल एक अक्षर बोलत नाही. व्होल्टेज कसं आहे, लाइट दिवसातून किती वेळा जाते, फ्रिज आवाज करतो का, एवढं विचारून ते फोन ठेवतात. त्या दिवशी म्हणाले, “इवाई, काय करून राह्यले?” वऱ्हाडात व्याह्याला इवाई म्हणतात, आणि ते मला दुसऱ्या कुठल्याही नावानं कधी हाक मारत नाहीत. मी म्हटलं, “काही नाही, बसलोय.” “मंग अठी या. गाडीची मांगची काच पुसाची हाय. उद्या या, मुक्कामानं या.” आणि फोन बंद. सगळा जन्म एका हातानं विजेचा खांब धरून बोलण्यात गेलेला माणूस बोलण्यात लांबण लावत नाही. माझी कंबर पंचायत समितीच्या खुर्चीत बसून बसून निवृत्तीच्या आधीच कामातून गेलेली आहे, आणि जानेफळला जायचं म्हणजे मेहकरला बस बदलावी लागते. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, “तुम्ही मुलाचे वडील आहात का गाडीवरचे क्लीनर?” पण संध्याकाळी तिनं लिंबाच्या लोणच्याची बरणी माझ्या पिशवीत ठेवली. बरणी विहीणबाईंची होती, मागच्या वर्षी तिच्यातून आमच्याकडे ठेचा आला होता. आमच्या हिनं विहीणबाईंशी तीन महिन्यांत एक शब्द बोललेला नाही, पण दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवणं तिला जमत नाही.

आमचे व्याही निवृत्त वायरमन आहेत. जानेफळ आणि आजूबाजूच्या खेड्यांतला असा खांब नसेल ज्यावर ते चढले नाहीत. त्या नोकरीनं त्यांना एक सवय लावली, ती निवृत्तीनंतरही सुटली नाही. कोणत्याही वस्तूला ते आधी उलट्या हातानं, बोटांच्या पाठीनं, शिवून बघतात. सरळ हातानं धरलं आणि आत करंट असला तर मूठ आवळली जाते आणि सुटत नाही. उलट्या हाताला झटका बसला तर हात आपोआप मागं येतो, असं त्यांचं शास्त्र आहे. शास्त्र खरं आहे, पण ते त्यांनी सगळ्या सृष्टीला लावलेलं आहे. चहाचा कप, देवळाची घंटा, बसमधली दांडी, बाजारातलं वांगं, सगळ्याला आधी उलटा हात. पहिल्या भेटीत मी नमस्कारानंतर हात पुढं केला, तर त्यांनी त्यालाही बोटांची पाठ लावून पाहिली, मी विनाकरंट आहे अशी खात्री करून घेतली, आणि मग हात हातात घेतला. मी पंचायत समितीत तीस वर्षं घालवली आहेत, माझ्यात करंट नसल्याचं त्यांना विचारलं असतं तर मीच सांगितलं असतं.

मुलीच्या बापानं मुलाकडच्यांपुढं जरा नमतं घ्यावं, अशी आपल्याकडे रीत आहे. रीत चांगली आहे असं मी म्हणत नाही, पण ती आहे, आणि माझा मोठा भाऊ तिच्यावरच जगतो. आमच्या व्याह्यांना ही रीत कोणी सांगितलेलीच नव्हती. ते पहिल्यांदा आमचं घर बघायला आले तेव्हा आम्ही बैठकीत सतरंजी अंथरली, भाऊ फेटा बांधून बसला, पोहे आले. हे बैठकीत आलेच नाहीत. स्वयंपाकघरात शिरले, फ्रिजला उलटा हात लावला आणि हात झटकन मागं घेतला. मग मागच्या दारानं अंगणात गेले, मीटर पाहिलं, भिंतीकडेची जमीन पायानं उकरली, आणि बाहेरूनच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “पोरगी देतो. पन आंधी अर्थिंग करा.” भावाचा फेटा जागच्या जागी सैल झाला. देण्याघेण्याची बोलणी बाजूला राहिली आणि आमची सोयरीक एका खड्ड्यावर येऊन थांबली. चौथ्या दिवशी हे स्वतःच कुदळ, मीठ आणि कोळशाचं पोतं घेऊन हजर. अंगणात छातीएवढा खड्डा खणला, तळाशी तांब्याचा पत्रा घातला, मिठाचे आणि कोळशाचे थर दिले, वर पाणी टाकायला पाइप ठेवला. मग फ्रिजला पुन्हा उलटा हात लावला आणि म्हणाले, “आता जमलं. आता माही पोरगी या घरात भांडे घासू शकते, कपडे धुऊ शकते, रागानं फ्रिजचं दार आपटू शकते.” त्यानंतर ते जेव्हा जेव्हा आमच्याकडे आले तेव्हा आधी अंगणात जाऊन त्या पाइपात बादलीभर पाणी टाकत, आणि मग घरात येत. आमच्या तब्येतीची चौकशी त्यानंतर होई, झाली तर.

त्यांची दुसरी श्रद्धा दोन नळ्यांच्या गमावर आहे. एका नळीतून पांढरं निघतं, दुसरीतून पिवळं, दोन्ही काडीनं कालवायचं आणि अर्धा तास हात लावायचा नाही. मग ते दगडासारखं होतं. त्यांच्या घरात या गमानं न जोडलेली वस्तू शोधावी लागते. चष्म्याची काडी, कपाचा कान, खुर्चीचा पाय, विहीणबाईंच्या कढईची मूठ, सगळ्यांवर पिवळसर गाठी आहेत. एकदा त्यांच्या चपलेचा अंगठा तुटला तर त्यांनी तो असा जोडला की नंतर पाय आत जाईना, पण चप्पल अजून खुंटीला लटकवलेली आहे, कारण जोड उत्तम आहे. “चिकटलं पायजे,” असं ते म्हणतात. “चिकटाले घंटा लागो, दोन घंटे लागो. पन चिकटलं का मंग माणसानं सोडाचं नाव घेऊ नये.” ही वाक्यं तेव्हा आम्ही हसून ऐकली होती.

आता गाडी. ती पांढरी, जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली आणि ताशी तीसच्या वर कधी न चाललेली आहे. जानेफळात कोणाच्याही घरी लग्न निघालं की नवरदेवाला मांडवापर्यंत न्यायला तीच गाडी. जात नाही, धर्म नाही, भाऊबंदकी नाही; कोणी येऊन म्हटलं की हे टोपी घालून तयार. अट एकच, चालवणार ते स्वतः. आणि प्रत्येक लग्नात डेकोरेशनवाला त्या गाडीच्या मागच्या काचेवर नवरानवरीची नावं थर्माकोलच्या अक्षरांत चिकटवतो, भोवती जिलेटिनची फुलं, फिती, चिकटपट्ट्या. लग्न संपलं की नावं गळून पडतात, पण खालचा डिंक राहतो, पट्टीची किनार राहते, कुठं थर्माकोलचा दाणा राहतो. त्याच्यावर पुढचं लग्न. अशी किती लग्नं त्या काचेवर बसली होती कोण जाणे. मागचं दिसणं कधीच बंद झालं होतं. गाडी मागं घ्यायची झाली की विहीणबाई खाली उतरत आणि पदर सावरत “येऊ द्या, येऊ द्या” म्हणत मागं मागं चालत.

आमच्या निखिलच्या लग्नातही हीच गाडी. आम्ही शहाणपणानं जालन्याहून एक लांब काळी गाडी ठरवून आणली होती. व्याह्यांनी तिच्या दाराला उलटा हात लावला, बॉनेट उघडून बघितलं, “हिच्या वायरिंगचा भरोसा नाही” म्हणाले, आणि नवरदेवाला आपल्या गाडीत बसवलं. आम्ही उतरलो होतो त्या शाळेतून वरात निघाली, चौकात पोचली, आणि मागून चालणारा माझा भाऊ एकदम रस्त्यातच उभा राहिला. डेकोरेशनवाल्यानं काचेवर अक्षरं सुबक लावली होती, फक्त ‘सौ. कां.’ चुकीच्या बाजूला गेलं होतं. एकीकडे ‘चि. सौ. कां. निखिल’ आणि दुसरीकडे नुसतं ‘चि. पल्लवी’. म्हणजे आमचा पोरगा सौभाग्यकांक्षिणी होऊन लग्नाला निघालेला. भाऊ म्हणाला हा मुलाकडच्यांचा अपमान आहे, आणि रसवंतीच्या बाकड्यावर जाऊन बसला. दुसरा कोणी मुलीचा बाप असता तर हातापाया पडला असता. हे गाडीतून उतरले, काच पाहिली, डिकीतून दोन नळ्या काढल्या आणि बॉनेटवर काडीनं गम कालवायला लागले. खरं म्हणजे दोन्हीकडचं ‘चि.’ बरोबरच होतं, ‘सौ. कां.’ तेवढं इकडचं तिकडं करायचं होतं. पण अर्धवट काम त्यांना चालत नाही. त्यांनी नावांआधीची सगळी अक्षरं नखांनी उपटली आणि नव्यानं बसवली. मग दोन्ही हात वर करून म्हणाले, “आता अर्धा घंटा गाडी हालनार नाही.” मी म्हटलं, “अहो, मुहूर्त?” तर म्हणाले, “मुहूर्त कुठी पळून जाते? गाडी हालवली त अक्षर घसरते.” बँडवाल्यांनी एकच गाणं अर्धा तास वाजवलं. नवरदेव आत घामानं भिजला, भाऊ बाकड्यावर उसाचे चार ग्लास पिऊन निवळला, आणि आमच्या मुलांचं लग्न मुहूर्त टळल्यावर लागलं.

नावं आठ दिवसांत गळाली, कारण ती डेकोरेशनवाल्याच्या पांढऱ्या डिंकानं लावलेली होती. नावांच्या आधीची अक्षरं मात्र राहिली. थर्माकोल झिजून गेला आणि खालचा गम अक्षरांच्या आकारात पिवळा पडून काचेला धरून बसला. एकीकडे ‘चि.’, दुसरीकडे ‘चि. सौ. कां.’, पुढं जागा मोकळी. डेकोरेशनवाल्यांची सोयच झाली. तेव्हापासून सहा वर्षांत त्या गाडीतून जो जो नवरदेव गेला त्याला आमच्या निखिलचं ‘चि.’ लागलं, आणि जी जी नवरी आली ती पल्लवीचं ‘चि. सौ. कां.’ घेऊन आली. एकदा तर पन्नाशीचा एक बिजवर, डोक्यावर एक केस नाही, त्याच ‘चि.’खाली चिरंजीव होऊन मांडवात गेला. मी ही गोष्ट आमच्या देऊळगावात कितीतरी जणांना हसून सांगितली आहे. गेल्या दिवाळीपासून सांगितलेली नाही.

शुक्रवारी दुपारी मी जानेफळला पोचलो. काचेचं कारण तेव्हा कळलं. गाडीची पंधरा वर्षांची मुदत भरली होती, पुन्हा पासिंग करून घ्यायचं होतं, आणि तपासणाऱ्या साहेबानं बाकी सगळं पाहून मागची काच आरपार दिसली पाहिजे, सोमवारी पुन्हा या, असं सांगितलं होतं. पास नाही झाली तर गाडी भंगारात. “गाडी बी माह्यासारखी रिटायर होऊन राह्यली,” ते म्हणाले, “पन तिले एक्स्टेन्शन भेटू शकते.”

शनिवारी सकाळी ऊन काचेवर आलं तसं आम्ही कामाला लागलो. त्यांनी ओसरीवर सगळी हत्यारं मांडून ठेवली होती: कोमट पाणी, जुनी वर्तमानपत्रं, गोडंतेल, लिंबाच्या फोडी, दाढीची अर्धी पाती, पल्लवीच्या कपाटात राहिलेली नेलपॉलिश काढायची बाटली आणि तिचाच केस वाळवायचा ड्रायर. आधी ओला कागद काचेवर थापायचा, तो मुरू द्यायचा, मग तेल, मग पातं तिरपं धरून खालून वर. “आडवं नका ओढू, इवाई, चरा पडते.” मी आडवं ओढत नव्हतो, माझी कंबर आडवी जात होती. पहिला तासभर काच स्वच्छ होत नव्हती, घाण फक्त जागा बदलत होती. हातांना तेल, तेलाला डिंक, डिंकाला थर्माकोल, आणि माझ्या चष्म्याला तिन्ही. मी दोनदा ओसरीच्या पायरीवर बसलो आणि दोनदा मला उठवलं गेलं. मुलाच्या बापाला कोणी असं राबवत असेल असं मला वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर राग यावा एवढंही अंगात बळ उरलं नव्हतं.

पण थर निघायला लागले तसे व्याही रंगात आले. प्रत्येक पट्टी त्यांना पाठ होती. “हे लोणारचं. दोन जुये झाले त्याईले.” जुये म्हणजे जुळे. “ही लाल फीत पाहा, हे पोरगं आता सुरतले राह्यते, दर सनाले फोन करते. आन हा डिंक गुरुजीच्या पोरीचा. लय भांडते दोघं. साऱ्या गल्लीले आयकू जाते. पन हाय, चालू हाय.” एवढं म्हणून ते ओला कागद नुसताच थापटत राहिले. विहीणबाईंनी आतून भाकरी, वांग्याची भाजी आणि माझ्याच घरचं लोणचं आणून ठेवलं. लोणचं चांगलं मुरलं आहे, एवढं त्या म्हणाल्या, आणि आमच्या हिला ते सांगा असंही म्हणाल्या.

दुपारपर्यंत सगळी लग्नं निघाली. काच बाकी सगळीकडून उघडी झाली आणि आतलं सीट दिसायला लागलं. राहिली ती फक्त पिवळी अक्षरं, एकीकडे ‘चि.’ आणि दुसरीकडे ‘चि. सौ. कां.’. त्यांना ना पाणी लागत होतं ना तेल. व्याही पायरीवर येऊन माझ्याशेजारी बसले. हातातलं पातं त्यांनी उलटसुलट केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “सोमवारी पासिंग झाली का बुधवारी पुन्याले जातो. पल्लवीचं सामान आनाचं हाय. भांडेकुंडे, गादी, मिक्सर. एकटी पोरगी बसनं कसं आनीन?”

मला हे माहीत असायला हवं होतं. निखिलनं सांगितलं नव्हतं. कदाचित त्यालाही माहीत नसेल. मी चिडून म्हटलं, “मग एवढं काम तुम्ही एकट्यानं केलं असतं. गावात दहा माणसं धावून आली असती. मला कशाला कंबर मोडायला बोलावलं?”

“बाकीचं मी एकट्यानंच केलं असतं,” ते म्हणाले. “हे नाही. लावलं तवा तुमाले इचारलं नव्हतं, इवाई. चौकात सारे थांबले होते, मी कोनाले इचारलं नाही. पन काढताना इचारलं पायजे. मुलाकडचं हाय थे.”

साडेसहा वर्षांत या माणसानं मला मुलाचा बाप म्हणून दिलेला हा पहिला मान. माझा भाऊ याच्यासाठी जन्मभर रुसत आला. मला तो मिळाला तेव्हा तो परत करता आला असता तर बरं झालं असतं असं वाटलं. मी म्हटलं, “काढू या.”

त्यांनी ड्रायर धरला, मी पातं. गरम हवेनं गम जरा नरमला की कडेनं पातं घालायचं. निखिलचं ‘चि.’ टवका उडून एका झटक्यात निघालं, मला वाटलं होतं त्यापेक्षा सहज. पल्लवीकडचं ‘चि.’ही निघालं. ‘कां.’ तुकड्या-तुकड्यानं आलं. ‘सौ.’ला पातं लावलं तेव्हा ड्रायर अक्षरावरून सरकला. बघितलं तर व्याही दुसरीकडे तोंड करून उभे होते आणि हवा माझ्या मनगटावर येत होती. मी मनगट भाजू दिलं. ‘सौ.’ निघायला दुसऱ्या कशाहीपेक्षा जास्त वेळ लागला. निघाल्यावर त्यांनी फडकं फिरवलं, काच उन्हात लख्ख झाली, आणि त्यांनी तिला उलटा हात लावून पाहिला. मग म्हणाले, “येताना रस्ता तुमच्या दारावरूनच हाय. थांबू का सरळ जाऊ?”

या प्रश्नाचं उत्तर माझ्या जिभेवर होतं. तरी मी म्हटलं, “घरी विचारून सांगतो.” नोकरीत तीस वर्षं ‘वरून विचारून सांगतो’ म्हणण्यात गेली, त्याचा हा परिणाम. जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा मला लाज वाटते. रविवारी घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, “थांबू का, म्हणून विचारलं त्यांनी? आणि तुम्ही घरी विचारून सांगतो म्हणालात?” मग तिनं हातातली मेथीची काडी खाली ठेवली. म्हणाली, “फोन लावा.” मी लावला. म्हटलं, “थांबा.” तिकडून “हाव” एवढंच आलं आणि फोन बंद झाला.

गाडी पास झाली. शुक्रवारी दुपारी आमच्या दारात हॉर्न वाजला. पल्लवी उतरली, वाळलेली दिसली. तिनं वाकून नमस्कार केला आणि उठायच्या आत आमच्या हिनं तिला दंडाला धरून आत नेलं. आत त्या दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, मी गेलो नाही. व्याह्यांनी फाटकाला उलटा हात लावला, ते ढकललं, आणि घरात न येता सरळ अंगणात गेले. खड्ड्याशी उभे राहून त्यांनी पाइपात वाकून पाहिलं. “इवाई, हे कोरडं पडून राह्यलं,” ते म्हणाले. “काऊन पानी टाकत नाही? अर्थिंग जाते अशानं.” मी बादली भरून आणली. त्यांनी ती माझ्या हातून घेतली, सावकाश ओतली, पाणी जिरेपर्यंत तिथंच उकिडवे बसले, आणि उठताना आधारासाठी त्यांनी माझा हात धरला. तो मात्र सरळ हातानं धरला.

चहा घेऊन ते निघाले. गाडी तिच्या तीसच्या चालीनं रस्त्याला लागली आणि मागच्या काचेतून सगळं दिसत होतं. गादीची वळकटी, मिक्सरचं खोकं, आमच्या हिनं आत्ताच भरून दिलेला डबा, आणि वळून बघणारी पल्लवी. काच पूर्वीसारखी असती तर यातलं काही दिसलं नसतं. वळण येईपर्यंत मी फाटकात उभा राहिलो.

सह्यांची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. त्यानंतरच्या गुरुवारी फोन येईल की नाही, आणि आला तर ते मला काय म्हणून हाक मारतील, हे मी त्यांना विचारलेलं नाही. सध्या फोन येतो. “इवाई, पानी टाकलं का?” एवढं ते विचारतात, आणि मला खरं खरं हो म्हणता यावं म्हणून मी रोज सकाळी, कंबर धरून का होईना, बादलीभर पाणी त्या खड्ड्यात टाकून येतो.